नंबरप्लेट वाचा, मग गाडीखाली वाका

नारायणगाव परिसरात जुनी हॅचबॅक घेणारे बहुतेक जण आधी किलोमीटर विचारतात. मी म्हणेन, आधी नंबर वाचा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी विकली की नंबर तोच राहतो. जुन्नर-आंबेगावच्या गाड्या एमएच १४. पण एमएच ०१, ०२, ०६ किंवा ०८ दिसला, तर ती गाडी मुंबई, रायगड, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वावरलेली असू शकते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पत्रा लवकर गंजतो आणि घाटावर आणल्यावरही गंज थांबत नाही.

गंज आतून सुरू होतो. दाराच्या तळाशी पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आतच साचतं. म्हणून मॅट उचला, डिकीत स्टेपनीखाली हात घाला, दारांखालची पट्टी दाबून पाहा. पत्र्यावर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पुटी भरलेली असण्याची शक्यता दाट. प्लास्टिकचे भाग अर्थातच वगळा.

वॉरंटीचं म्हणाल, तर गंजासाठी ती असलीच तरी बहुधा आतून आरपार भोक पडलं तरच लागू होते. दगड उडून पडलेला टवका, अपघातानंतर बाहेर केलेलं डेंटिंग-पेंटिंग यांवर दावा सहसा टिकत नाही. सर्व्हिसची बिलं मागून घ्याच. विक्रेत्या व्यावसायिकाने दोष लपवला असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे.