सावली रोड आणि सुट्टीचा सोमवार

आमच्या सायकल गटातल्या एका ज्येष्ठ सोबत्याने यंदा सायकल विकून टाकली. बडोद्याहून सावलीला हसत-खेळत जाऊन येणारा माणूस. मोबाइलवरच्या ‘रोज, खंड न पाडता’ अशा स्पर्धेत उतरून ऐन उन्हाळ्यात त्यांनी एक दिवसही अंगाला आराम दिला नाही. आधी झोप उडाली, मग गुडघे सुजले, शेवटी मनच उडाले. ही गोष्ट मला फार लागली.

आमच्या पिढीची सायकल नव्वदच्या दशकात, स्कूटर आल्यावर, अडगळीत गेली. पुढची वर्षेही नोकरीने खाल्ली. आमचे खरे दशक 2010 नंतरचे. समा-सावली रोडने मंजुसर ओलांडले की साधारण 30 किलोमीटरवर सावली. बडोद्याच्या गायकवाड सत्तेचा पाया घालणाऱ्या पिलाजीराव गायकवाडांचा 1732 मध्ये डाकोरला खून झाला, त्यांना अग्नी दिला तो सावलीत. बडोद्याच्या मराठी माणसाला हे गाव आपले वाटते ते उगाच नाही.

त्या काळी आठवड्याची घडी ठरलेली होती. मधल्या दिवशी दोन छोट्या फेऱ्या, रविवारी सावली, सोमवारी सायकलला हात लावायचा नाही. उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजायची. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरले तर त्या दिवशी घरी. मे महिन्यात अंतर निम्मे. घरी राहिलेल्याला कोणी आळशी म्हणत नसे.

2015 मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि आमच्याही अंगात वारे शिरले. साडेतेरा तासांत 200 किलोमीटरची सायकलफेरी, म्हणजे ब्रेवे, हे साठीतल्यांचेही स्वप्न झाले. त्यात वावगे काहीच नव्हते. वावगे घडले ते नंतर, किलोमीटरची रोजची यादी गटात झळकू लागल्यावर. ‘आराम म्हणजे आळस’ असे आम्हाला ऐकवणारे तेव्हा तिशीत होते. रात्रभरात भरून येणारे शरीर त्यांचे होते, आमचे नव्हे. व्यायामाने स्नायूंची झीज होते आणि ताकद वाढते ती नंतरच्या विश्रांतीत. वय वाढते तसे स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात, म्हणून दुरुस्तीला वेळ जास्त लागतो.

‘आराम म्हणजे आळस’ म्हणणाऱ्यांना मी फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचे उदाहरण देतो. 2012 मध्ये शंभराव्या वर्षी त्यांनी तासाभरात 24.25 किलोमीटर अंतर कापले. 2014 मध्ये, 102 व्या वर्षी, 26.92. मधल्या काळातला त्यांचा सराव वर्षाला सुमारे 5,000 किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी 14 सुद्धा नाही. त्यातला 80 टक्के हलका, उरलेला 20 टक्के जोराचा. एवढ्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता 13 टक्क्यांनी वाढली.

आज सावली रोडवर ट्रक वाढले आहेत आणि गटात सकाळी पहिला प्रश्न ‘किती झाले?’ हाच असतो. ‘झोप लागली का?’ असे आता कोणी विचारत नाही. मला त्या रस्त्यापेक्षा त्या विचारपुशीची उणीव जास्त जाणवते.

साठी ओलांडलेल्या माझ्या सोबत्यांनो, आठवड्यातले दोन दिवस सायकल उभीच ठेवा आणि वहीत त्या दिवसांपुढे ‘सराव’ असेच लिहा. तो सरावच आहे.