काळाराम सत्याग्रहाचे दस्तऐवज आणि आपला विद्यार्थी

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, हे आपल्या घरांतील लहान मूलही सांगू शकते. परंतु ही माहिती कोठून मिळाली, असे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास विचारले, तर तो एखाद्या चरित्रग्रंथाचे अथवा भाषणाचे नाव सांगतो. चरित्रकाराने ती कोठून घेतली, या पुढच्या प्रश्नाशी मात्र तो थांबतो. मूळ दस्तऐवज व दुर्मिळ ग्रंथ यांच्या साहाय्याने करावयाचे अध्यापन येथूनच सुरू होते, असे आमचे मत आहे.

या सत्याग्रहाचा अभ्यास शिकविताना आम्ही प्रथम काही तारखा फळ्यावर मांडतो. बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले व नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. ‘जनता’ पत्राचा प्रारंभ २४ नोव्हेंबर १९३० चा. म्हणजे सत्याग्रही मंदिराच्या दारांशी बसले, त्या पहिल्या महिन्यांत या दोहोंपैकी एकही पत्र चालू नव्हते. मग त्या दिवसांची लेखी हकीकत मुख्यतः कोणाकडून मिळते? महाराष्ट्र शासनाने १९८२ साली चळवळीच्या साधन-साहित्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात मुंबई सरकारच्या पोलीस नोंदी व तत्कालीन वृत्तपत्रांतील मजकूर आहे. पोलिसांच्या दृष्टीने सत्याग्रह हा बंदोबस्ताचा प्रश्न होता. गावोगावची माणसे घरदार सोडून तेथे का आली, हे लिहिण्याचे त्यांस कारण नव्हते. म्हणून प्रत्येक कागदापुढे विद्यार्थ्याने तीन प्रश्न ठेवावेत: हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि लिहिणाऱ्याने काय वगळले?

दुसरे उदाहरण रथाचे. ९ एप्रिल १९३० रोजी रथ ओढण्यावरून पंचवटीत सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुष्कळ लेखनात हा दिवस रामनवमीचा म्हणून येतो. परंतु पंचवटीतील रथ चैत्र शुद्ध एकादशीस निघतो. विद्यार्थ्यास त्या वर्षीचे जुने पंचांग काढावयास लावावे व तिथी त्यानेच ताडून पाहावी. दहा ग्रंथांतून एकच विधान उतरले, तरी पुरावा दहापट होत नाही, हा धडा त्यास आयुष्यभर पुरतो.

ही दृष्टी आपणांस परकी नाही. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी चार महापदेस सांगितले आहेत. ‘हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे कोणी भिक्खू म्हणाला, तरी त्याचे लगेच अभिनंदन करू नये, धिक्कारही करू नये. ते शब्द सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावेत आणि मगच स्वीकारावेत वा सोडावेत. सांगणारा कितीही मोठा असो, ताडून पाहणे सुटत नाही.

आणि दस्तऐवजांची परंपरा तर नाशिकला फार जुनी आहे. त्रिरश्मी लेण्यांतील क्रमांक १० च्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा खर्च करावयाचा. हे सर्व निगमसभेत ऐकवून रीतीप्रमाणे दप्तरी नोंदविल्याचे लेखात स्पष्ट म्हटले आहे. ते दप्तर आज नाही. दान टिकून कळले, ते दगडावर कोरल्यामुळे.

आपल्या चळवळीचे बरेचसे दप्तर मात्र कागदावर आहे. सत्याग्रह थांबवावा, असे ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांस कळविले. मूर्तिपूजेची ओढ हा त्या लढ्याचा हेतू नव्हता. दलित वर्गात चैतन्य यावे व त्यास आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा होता, हे त्या पत्रातून त्यांच्याच शब्दांत कळते. पत्र राहिले, म्हणून हेतू निर्विवाद राहिला.

ज्यांनी त्या दारांशी ठाण मांडले, ती पिढी आता आपल्यात नाही. त्यांची पत्रे, पावत्या, हस्तपत्रके व छायाचित्रे अनेक घरांत ट्रंकांत पडून असतील. दमट हवा व वाळवी त्यांची वाट पाहत नाहीत. विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी जावे, वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने ती ट्रंक उघडावी, कोरड्या व स्वच्छ हातांनी कागद हाताळावेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, प्रत्येकाची प्रत काढावी आणि तो कोणाचा, कोठला व केव्हाचा हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. विहारांनी त्यांस एक कोरडे कपाट व एक नोंदवही द्यावी. हे आपण केले नाही, तर उद्याच्या अभ्यासकापुढे पंचवटीची साक्ष देण्यास पोलिसांची नोंद तेवढी उरेल.