एका चकतीवरून काढलेली आकृती

जीवशास्त्राच्या वहीत तंतुकणिका आपण सगळ्यांनीच काढली आहे. उभा चिरलेला घेवड्याचा दाणा, आत नागमोडी रेघ, की मार्क पक्के. ही आकृती आली १९५२-५३ सालच्या छायाचित्रांवरून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पलाडे आणि स्वीडनमध्ये फ्रित्यॉफ श्योस्ट्रँड, दोघेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पातळ छेद बघत होते. पलाडे म्हणाले, आतल्या पटलाच्या घड्या आहेत. श्योस्ट्रँड म्हणाले, आडव्या भिंती आहेत. पुस्तकांत पलाडेंच्या घड्या गेल्या.

मतभेद होणारच. छेद जेमतेम ५०-६० नॅनोमीटर जाड, तंतुकणिका त्याच्या दहापट रुंद. एका चकतीवरून अख्खे पडवळ कसे ओळखणार?

त्यातून चकती कापणे हीच मोठी कारागिरी. ऑस्मियमने पक्की केलेली, राळेत बसवलेली पेशी फोडलेल्या काचेच्या धारेवर कापायची. चकत्या पाण्यावर तरंगतात. रुपेरी दिसल्या तर ठीक, सोनेरी दिसल्या तर जाड. जाडी ठरवायची ती रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी! मग तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर त्या अलगद उचलायच्या. अशा चकत्या ओळीने रचताना एखादी दुमडली, की गोष्टीतले मधलेच पान गहाळ.

सपाट चित्रांतून गणिताने त्रिमितीय आकार बांधता येतो, हे १९६८ मध्ये केंब्रिजला डी रोझिए आणि ॲरन क्लूग यांनी विषाणूच्या शेपटीवर दाखवले. पण शेपटी सुबक, एकसारखी, तंतुकणिका वेडीवाकडी. तिचा जाडसर छेद अंशाअंशाने कलवत दर वेळी चित्र घ्यायचे आणि ती सगळी संगणकावर जुळवायची, हे जमायला नव्वदचे दशक उजाडले. ऑल्बनीत कार्मेन मॅनेला आणि सॅन दिएगोत गाय पर्किन्स, टेरेन्स फ्रे यांनी ते केले, तेव्हा पुस्तकातल्या रुंद तोंडाच्या घड्या सापडल्याच नाहीत. आत होत्या चपट्या पिशव्या आणि नळ्या, कडेच्या पटलाला सुमारे ३० नॅनोमीटरच्या अरुंद तोंडांनी जोडलेल्या. एवढेसे तोंड पातळ छेदात सापडणार कधी? खरे तर १९६६ मध्येच डेम्स आणि विसे यांनी उंदराच्या यकृतात असे देठ पाहिले होते. पाठ झालेल्या आकृतीपुढे ते टिकले नाहीत, असे मला वाटते.

घरातले पोर पुढच्या वेळी तंतुकणिका काढायला बसले, तर घडीचे तोंड तेवढे अरुंद काढायला सांगा.