गाणे ओढ लावते, वाट कोण दाखवतो?

गायकांच्या चरित्रात ‘ज्याने वेड लावले ते पहिले गाणे’ शोधायची आपल्याला हौस असते. पंडित भीमसेन जोशी यांच्या बाबतीत ते शोधावे लागत नाही, कारण त्यांनी स्वतःच ते सांगून ठेवले आहे. गदगला शाळकरी वयात त्यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली. झिंझोटी रागातली ती ठुमरी, ‘पिया बिन नहीं आवत चैन’. आपल्याला असे गाता आले पाहिजे, हे त्या मुलाच्या मनाने घेतले आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढचा प्रवास महाराष्ट्राला पाठ आहे. गोष्ट एवढ्यावर थांबवली तर फार सुबक दिसते : एक तबकडी, एक मुलगा आणि त्यातून घडलेला भारतरत्न गायक. माझे म्हणणे असे की ही सुबक गोष्ट अर्धीच खरी आहे. गाणे ओढ लावते. वाट दाखवणे त्याच्या हातात नसते. ओढ लागलेल्या मुलाला शिक्षणापर्यंत नेणारी वाट कुणीतरी आधी पाडून ठेवलेली असावी लागते. भीमसेनांच्या बाबतीत, ते जन्माने धारवाडकडचे असले तरी, ही वाट मिरजेवरून गेली होती. म्हणून सांगली-साताऱ्याच्या पट्ट्याकडे पाहिल्याशिवाय त्या पहिल्या गाण्याचा अर्थ पुरता उलगडत नाही.

आधी ऐकणाऱ्याकडे पाहू. ती तबकडी कोऱ्या कानांवर पडली नव्हती. भीमसेनांचे वडील गुरुराज शिक्षक होते, आई भजने म्हणत असे आणि आजोबांपासून घरात कीर्तन-गायनाची परंपरा होती. रस्त्याने बँड किंवा भजनाची दिंडी निघाली की हा मुलगा तिच्यामागे चालू लागे आणि दमला की वाटेत कुठेही झोपी जाई. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, म्हणजे सापडेल तो घरी आणून सोडेल, हा किस्सा प्रसिद्धच आहे. त्याचा अर्थ सरळ आहे : संगीताची आवड त्या तबकडीच्या आधीपासून होती. तबकडीने आवडीला नेम दिला. सगळेच सूर आवडणाऱ्या मुलाला ‘हा सूर’ हवा असे वाटू लागले, आणि त्याबरोबर पुढचा प्रश्न आला : असे गायला शिकवते कोण? पहिल्या गाण्याचे खरे काम हे आहे. आवडीचे रूपांतर ते शोधात करते.

आता गाणाऱ्याकडे वळू. अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे, म्हणून त्यांच्या गायकीला किराणा घराणे म्हणतात. बडोद्याच्या दरबारात काही काळ काढून ते दक्षिणेकडे आले आणि अखेर मिरजेचे झाले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडच्या प्रवासात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा दफनासाठी त्यांना मिरजेलाच आणले गेले. मिरज हे तंतुवाद्ये बनवणाऱ्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सतारमेकरांपासून सुरू झालेली ही कारागिरी आजही चालू आहे आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर बसवलेली लाकडी दांडी, तबली, घोडी आणि जव्हारी यांतून जो तंबोरा उभा राहतो, त्याच्या नादावर ख्याल गायकाचा सूर टिकतो. खाँसाहेब नुसते गात नव्हते, वाद्याची दुरुस्ती आणि जुळवणीही जाणत होते.

याच काळात शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त अधिकारी हिंदुस्थानी सप्तकातल्या बावीस श्रुती मोजण्याच्या खटपटीत होते. त्यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि या दोघांच्या प्रयोगांना प्रत्यक्ष गळ्याची साथ होती ती अब्दुल करीम खाँ यांची. देवल-क्लेमंट्स यांची श्रुतींची मांडणी पुढे सर्वांनी मान्य केली असे नाही. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिला विरोधही झाला. सिद्धान्त टिकला की नाही हा प्रश्न येथे दुय्यम आहे. स्वर नेमका कुठे लागतो, याचा विचार गायक, कारागीर आणि अभ्यासक एकाच वेळी करत होते, असा तो परिसर होता, हे महत्त्वाचे. गदगच्या मुलाला ज्या सुराने बांधून घातले, त्यामागे एका माणसाची प्रतिभा होती, तशी या परिसराची सुराबद्दलची काटेकोर आस्थाही होती. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत हे सारे भरलेले होते. दिसत मात्र काहीच नव्हते.

दिसत नव्हते म्हणूनच मुलगा भटकला. ध्वनिमुद्रिका तयार गाणे ऐकवते. ते कसे तयार झाले, हे ती सांगत नाही. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर असे करत, आगगाडीतल्या लोकांना गाणी ऐकवत, भीमसेन उत्तरेत गेले. ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालयात काही काळ शिकले, पुढे जालंधरला पोहोचले. तेथे त्यांना विनायकराव पटवर्धन भेटले आणि त्यांनी सांगितले की इतक्या दूर कशाला आलास, तुझ्या मुलखातच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य. १९३६ साली त्यांनी भीमसेनांना शिष्य करून घेतले. जो सूर हवा होता, त्याचा गुरू घरापासून काही कोसांवर होता. तो कळायला पंजाबपर्यंत जावे लागले. आणि वाट दाखवणारे विनायकराव कोण? १८९८ साली मिरजेत जन्मलेले, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. ते स्वतः ग्वाल्हेर परंपरेचे, तरी त्यांनी मुलाला आपल्याकडे न ठेवता किराणा घराण्याच्या गुरूकडे धाडले. घराण्यांच्या भिंतींबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. या प्रसंगात भिंतीपेक्षा शेजार मोठा ठरला.

हा निव्वळ योगायोग होता, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे उदाहरण तपासू. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले. लहानपणी त्यांचा लौकिक झाला तो थोर गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवण्यामुळे. अब्दुल करीम खाँ यांची नक्कल त्यात होतीच. म्हणजे येथेही पहिले गाणे आहे, तबकडी आहे आणि भीमसेनांना नसलेली गोष्टसुद्धा आहे : ऐकलेले तत्काळ गळ्यातून काढण्याची ताकद. तरीही नकलेतून स्वतःच्या गाण्याकडे जायला त्यांना मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्या शाळेत यावे लागले. देवधरांचा जन्म १९०१ सालचा, गाव मिरज, आणि गुरू पुन्हा विष्णु दिगंबरच. दोन वेगळ्या स्वभावांची मुले, एकाच प्रकारची ओढ, आणि दोघांना रस्ता सांगणारी माणसे एकाच गावची, एकाच गुरूची. याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, मिरजेत शिष्य घडवले; त्यांच्यातल्या विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे शिकवण्याची रीतसर व्यवस्था उभी केली; तिथून शिकून निघालेली माणसे पुण्या-मुंबईत, देशभर शाळा चालवू लागली. वाट अशी पडते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मोठे झाल्यावर सांगितलेल्या बालपणीच्या आठवणींवर किती विसंबायचे? कलावंत वळून पाहतो तेव्हा अनेक गाण्यांतून एक निवडतो, आणि विखुरलेल्या दिवसांना त्याच्याभोवती गुंफतो. हे मला मान्य आहे. पहिले म्हणून सांगितलेले गाणे खरोखर पहिलेच ऐकले होते की नाही, याचा निवाडा कुणालाही करता येणार नाही. पण मी जो पुरावा मांडतो आहे तो या आठवणीवर उभा नाही. भीमसेन कोणाकडे शिकले, कुठल्या घराण्यात रुजले आणि पुढे मैफलीत ती ठुमरी गात राहिले, या गोष्टी नोंदीच्या आहेत. आठवण घटकाभर बाजूला ठेवली तरी प्रवासाची दिशा तीच निघते. शिवाय हजारोंनी तीच तबकडी ऐकली आणि ते गायक झाले नाहीत, हा आक्षेप तर माझ्याच बाजूचा आहे. गाणे एकट्याने पुरेसे असते, तर ते हजार गायक आज मोजता आले असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यांना असे पहिले गाणेच नाही, त्यांचे काय? लता मंगेशकर यांचे बालपण सांगलीत गेले. मास्टर दीनानाथांच्या घरी तालमी रोजच्याच होत्या. वडील बाहेर गेले असता त्यांचा शिष्य पूरिया धनाश्रीची चीज चुकीची म्हणतो आहे हे पाच-सहा वर्षांच्या लताच्या कानांनी हेरले आणि तिने त्याला ती नीट गाऊन दाखवली, हा प्रसंग त्यांनीच सांगितलेला आहे. तेथे जाग आणणारे गाणे कोणते म्हणायचे? विष्णु दिगंबरांची कथा तर आणखी निराळी. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या या कीर्तनकाराच्या मुलाचे डोळे शोभेच्या दारूने अधू झाले, उपचारासाठी त्यांना मिरजेला आणले, आणि शालेय शिक्षण अशक्य झाल्यावर संगीताकडे वळवावे असे ठरले. म्हणजे तेथे कुठल्या गाण्याने हाक दिली नाही. अपघाताने दार उघडले. या दोन्ही उदाहरणांत पहिले गाणे वजा केले तरी संगीतकार घडतो. वाट वजा करून पाहा, एकही घडत नाही. लताबाईंना वाट घरातच होती, विष्णु दिगंबरांना ती मिरजेत बाळकृष्णबुवांच्या रूपाने भेटली. आक्षेप पहिल्या गाण्याचे महत्त्व कमी करतो, पण वाटेचे वाढवतो.

मात्र ही वाट सर्वांना सारखी मोकळी होती, असे मानले तर आपण स्वतःची फसवणूक करू. वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९च्या विभाजनापूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. तेथे १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले, ज्यांना महाराष्ट्र पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो. त्यांना ओढ लागली ती तमाशाच्या फडाची आणि लावणीची. शिकवणारे फड गावोगाव होते, वाट अस्तित्वात होती. परंतु तिच्यावर पाऊल टाकायला ब्राह्मण घर, वतन आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडावे लागले. ख्यालाकडे निघालेल्या मुलाला समाज अखेर मानाने घरी आणतो. लावणीकडे निघालेल्याला बहिष्कृत करतो. आणि ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या तमाशा जिवंत ठेवला, त्यांना तर सोडायला प्रतिष्ठाही दिली गेली नव्हती. एकाच खोऱ्यात कुठल्या गाण्याचे वेड कौतुकाचे आणि कुठले लाजेचे, हे गाणे ठरवत नव्हते, ऐकणाऱ्यांची उतरंड ठरवत होती. वाटेच्या गोष्टीत हा हिशेबही धरावा लागतो.

आज कोणी म्हणेल, आता या साऱ्याची गरज उरली नाही. अब्दुल करीम खाँ यांचे गाणे खिशातल्या मोबाइलवर आहे, रागांचे पाठ इंटरनेटवर आहेत. गदगच्या मुलाला आता जालंधर गाठावे लागणार नाही. यातला लाभ खरा आहे. माहितीअभावी तीन वर्षे भटकणे ही काही गौरवाची गोष्ट नव्हे. पण पडदा एक काम करू शकत नाही : आपला षड्ज जरा खाली उतरला आहे, हे समोर बसून सांगणे, आणि तुझ्या गळ्याला मी नव्हे तर अमुक गुरू हवा, हे ओळखणे. विनायकरावांनी जालंधरला हेच केले होते. आजवर गाणे दुर्मीळ होते आणि जाणकार माणसे गावात भेटत. आता गाणे मुबलक झाले आहे, माणसांपर्यंत पोहोचणे मात्र अवघड राहिले आहे.

म्हणून या भागातल्या जुन्या जागा नुसत्या वारसा म्हणून मिरवायच्या नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या औंधला गजाननबुवा जोशी यांनी १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव अजून भरतो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला आणि अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गाणे होते. तेथे नामवंत कलाकार येतात, लोक ऐकून घरी जातात. माझी अपेक्षा एका पावलाची आहे : दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कलाकाराने गावातल्या मुलांना तास-दोन तास भेटावे, त्यांचे गाणे ऐकावे, कोणाकडे शिकायचे ते सांगावे, आणि मुलांत लावणीचा, पोवाड्याचा, ओवीचा गळा असलेलेही मानाने बसलेले असावेत. कारागिरांच्या दुकानात शाळांच्या सहली जाव्यात, म्हणजे जव्हारी काढणे म्हणजे काय ते मुलांना हाताने कळेल. खर्च थोडा आहे, मंडळे आहेत, मंच आहेत. पहिले गाणे कोणाला कुठे भेटेल, हे कुठल्याही समितीला ठरवता येत नाही. ते भेटल्यावर विचारायला माणूस असावा, एवढी व्यवस्था मात्र सांगली-सातारकरांना करता येते, आणि ती कशी करतात हे त्यांनी एकदा देशाला दाखवून दिलेले आहे.