मोबाइलच्या डोळ्यापुढची गाळणी

चहा गाळताना आपण गाळणी धरतो. पत्ती वर राहते, चहा खाली उतरतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढेही अशीच एक गाळणी लावता येते. तिला फिल्टर म्हणतात. ही एक गोल काच असते. वाळत घातलेल्या कपड्यांना लावतो तसल्या चिमट्याने ती मोबाइलच्या कडेला बसवतात. काम झाले की चिमटा काढून खिशात टाकायचा.

एक गोष्ट आधी ध्यानात धरा. गाळणी चहात काही घालत नाही, त्यातले काढून घेते. फिल्टरही प्रकाश वाढवत नाही. तो प्रकाश अडवतो. म्हणून कोणता प्रकाश नको आहे, हे ज्याला कळले त्यालाच फिल्टरचा उपयोग.

आपल्याला त्याची गरज कुठे पडते? सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. परभणी जिल्ह्यातही सोयाबीन पाण्याखाली गेले. अशा वेळी शेतकरी बांधावर उभा राहून फोटो काढतो. घरी येऊन बघतो तर फोटोत नुसते पांढरे, चकाकणारे पाणी! शेत आहे की तळे आहे, बघणाऱ्याला समजत नाही. पीक तर दिसतच नाही. पंचनाम्याच्या वेळी असला फोटो काय कामाचा?

ती चकाकी म्हणजे पाण्यावर पडलेले आभाळाचे प्रतिबिंब. ती काढायला ध्रुवक फिल्टर लागतो. दुकानात त्याला पोलरायझर किंवा सीपीएल म्हणतात. तो चकाकी कशी ओळखतो, ते बघा.

एक दोरी खिडकीच्या उभ्या गजांतून ओवा. पलीकडचे टोक कुणाला तरी धरायला सांगा. आता दोरी वरखाली हलवा. लाट गजांतून पलीकडे जाते. मग तीच दोरी डावीउजवीकडे हलवा. लाट गजांना अडते. प्रकाशाचेही असेच असते. साध्या प्रकाशाच्या लाटा सगळ्या बाजूंनी हलतात. पण पाण्यावर आपटून तिरपा परत येणारा प्रकाश बहुतेक आडवाच हलतो. ध्रुवक काचेचे गज डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, असे समजा. ते उभे धरले की आडवी चकाकी अडते. पिकाकडून येणारा प्रकाश मात्र बराचसा आत येतो.

ही युक्ती आपल्या देशातल्या एका थोर शास्त्रज्ञाने फार पूर्वी वापरली होती. चंद्रशेखर वेंकट रामन 1921 साली इंग्लंडहून बोटीने परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे, असे तेव्हा मोठमोठे विद्वान मानत. रामन यांच्याजवळ ‘निकोल’ नावाचा पारदर्शक स्फटिक होता. त्याचे काम आपल्या या फिल्टरसारखेच. तो डोळ्यापुढे धरून त्यांनी पाण्यावरची आभाळाची चकाकी काढून टाकली. तरीही समुद्र निळाच दिसला, उलट जास्तच निळा. म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा होता. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा, 26 सप्टेंबर 1921 या तारखेने, त्यांनी हे एका शास्त्रीय नियतकालिकाला लिहून कळवले. प्रकाशावरील पुढच्या संशोधनाबद्दल त्यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले. खिशात मावेल एवढी वस्तू, पण ती धरणाऱ्याला काय बघायचे ते ठाऊक होते.

आता फिल्टर वापरायचा कसा? आजकाल मोबाइलला दोन-दोन, तीन-तीन डोळे असतात. कॅमेरा चालू करा आणि एकेका डोळ्यावर बोट ठेवा. ज्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, तो डोळा चालू आहे. काच बरोबर त्याच्यासमोर आली पाहिजे. फोटोचे कोपरे काळे दिसले तर काच बाजूला सरकली आहे.

मग पडद्याकडे बघत काचेचे कडे हळूहळू फिरवा. पाव फेरा होईपर्यंत चकाकी कमी होते, पुढे पुन्हा वाढते. सर्वांत कमी असेल तिथे थांबा. उभा मोबाइल आडवा केला तर कडे पुन्हा फिरवावे लागते. हे पुष्कळ जण विसरतात आणि काचेला नावे ठेवतात.

उभे कुठे राहायचे, यालाही हिशेब आहे. सरळ खाली बघून फोटो काढला तर या काचेचा उपयोग नाही. फार लांबवर रोखला तरी उपयोग कमी. मोबाइल जमिनीपासून 5 फूट उंच धरला असेल, तर आपल्यापासून साडेसहा-सात फुटांवरच्या पाण्याकडे रोखा. तिथे चकाकी सर्वांत जास्त गाळली जाते. मात्र पाणी गढूळ असेल तर त्याच्या तळचे दिसणार नाही. चकाकी गेल्यावर पाण्याबाहेर डोकावणारे शेंडे, लोळलेली झाडे, एवढे स्पष्ट होते. तेही थोडे नाही. घराच्या पत्र्याची चकाकी मात्र या काचेला जुमानत नाही, कारण धातूवरची चकाकी पाण्यासारखी आडवी हलत नाही.

पानांवरही अशीच पांढरट चकाकी असते. ती गेली की पानाचा खरा रंग दिसतो. आता या रंगाला किती किंमत आहे बघा. सोयाबीनचे पान पिवळे पडले. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे असेल तर बहुधा लोहाची कमतरता. हिरव्यापिवळ्या रंगांचे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक हा विषाणूरोग असू शकतो. तो पांढरी माशी पसरवते. एकाला हिराकसाची फवारणी, दुसऱ्याला रोगट झाड उपटून नष्ट करणे, असे उपाय अगदी वेगळे. तुम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञाला फोटो पाठवला आणि कॅमेऱ्यापुढे पिवळी काच होती, तर तो बिचारा काय सांगणार? फवारणीचे पैसे पाण्यात आणि पीकही हातचे जाणार. चिमट्यांच्या डबीत लाल, पिवळ्या, निळ्या काचा हमखास असतात. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंत पिवळी काच लावून ढग उठावदार करत. आता त्या काचा पोरांना खेळायला द्या. मोबाइलमधल्या रंग खुलवण्याच्या सोयीही पिकाच्या फोटोसाठी बंद ठेवा.

राखी रंगाची एक काच येते. ती सगळाच प्रकाश सारखा कमी करते. तिची आपल्याला सहसा गरज नाही. ध्रुवक काचही निम्म्याहून जास्त प्रकाश खाते. म्हणून दिवेलागणीला ती काढून ठेवावी, नाहीतर हात हलून फोटो पुसट येतो. आणि कोणतीही चिमट्याची काच डोळ्याला लावून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे बघू नका. काच काळसर दिसली तरी डोळे भाजणारे किरण तिच्यातून जातात.

घेताना फसू नका. नुसती काळसर काच ध्रुवक म्हणून विकणारे आहेत. दुकानदाराच्या गल्ल्यावर आकडेमोडीचे कॅल्क्युलेटर असते, ते मागून घ्या. काचेची बाहेरची बाजू त्याच्या पडद्याकडे करा आणि काच फिरवा. एका जागी पडदा काळाठिक्कर होऊन आकडे नाहीसे झाले तर माल खरा. फिरवून काहीच फरक पडला नाही तर परत द्या. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर याच परीक्षेने तोही तपासा. त्याची काच कॅमेऱ्यापुढे धरूनही काम भागते.

काचेवर धूळ बसली तर आधी फुंकर मारा, मग धुतलेल्या मऊ सुती फडक्याने टिपा. शेतातून येऊन तसेच बाहीने पुसले तर मातीचे कण काचेवर ओरखडे काढतात. दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा असतो. तो उन्हाने आणि ओलीने खराब होतो, म्हणून काच डबीत घालून सावलीत ठेवावी.