मुंगेरचे खासदार मधू लिमये

बिहारमधल्या मुंगेरला १९६४ साली लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि पुण्यात जन्मलेला एक समाजवादी कार्यकर्ता तिथून निवडून आला. पाठीशी ना जातीची मते, ना सोयरीक. १९६७ मध्ये मधू लिमये मुंगेरातूनच पुन्हा जिंकले. १९७१ मध्ये हरले. मग १९७३ च्या पोटनिवडणुकीत आणि १९७७ मध्ये बांका मतदारसंघाने त्यांना निवडून दिले. चार वेळा ते लोकसभेत गेले, चारही वेळा बिहारच्या मतांवर. महाराष्ट्राने घडवलेला हा माणूस दिल्लीला पाठवला तो बिहारने.

आपल्याकडे त्यांची आठवण निघते ती साधेपणासाठी आणि तत्त्वनिष्ठेसाठी. ते योग्यच आहे. पण राज्यघटना आणि सभागृहाची नियमावली ही सत्ता नसलेल्यांच्या हातातली हत्यारे आहेत, हे त्यांनी आयुष्यभर वापरून दाखवले. मला त्यांचे खरे मोठेपण त्यात दिसते.

१ मे १९२२ चा त्यांचा जन्म. १९३७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि एस. एम. जोशींसारख्यांच्या सहवासात समाजवादी चळवळीत ओढले गेले. १९४० मध्ये युद्धविरोधी प्रचाराबद्दल धुळ्याचा तुरुंग घडला. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिले. १९४३ मध्ये पकडले गेले ते १९४५ मध्येच सुटले. देश स्वतंत्र झाल्यावरही तुरुंग सुटला नाही. जुलै १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारले आणि लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये सुटका झाली.

लोकसभेत ते हिंदीतून बोलत. आवाज चढवून सभागृह गाजवणारे बरेच होते. लिमये कागद घेऊन उभे राहत. प्रश्नोत्तराचा तास, हरकतीचा मुद्दा, विशेषाधिकारभंगाची सूचना ही त्यांची आयुधे. १९७४ मध्ये पाँडिचेरीच्या व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेल्याचे उघड झाले आणि त्यातल्या बहुतेकांनी ‘ही आमची सही नव्हे’ असे सांगितले. सीबीआयच्या तपासाचे कागद संसदेपुढे यावेत म्हणून विरोधकांनी सरकारला धारेवर धरले. त्यात लिमये पुढे होते.

सभागृहाबाहेरही त्यांनी हीच रीत ठेवली. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. अटकेचे कारण विचारले, तर कलमे जामिनाची आहेत एवढेच उत्तर मिळाले. त्याच दिवशी लिमयांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ती याचिका म्हणून ऐकली. अटकेची कारणे न सांगणे हा राज्यघटनेच्या कलम २२ चा भंग आहे, आणि दंडाधिकाऱ्याने नंतर कोठडी मंजूर केली म्हणून तो दोष धुऊन निघत नाही, असा निकाल देऊन न्यायालयाने डिसेंबरात सर्वांची सुटका केली. पुढे बदनामीच्या एका खटल्यातही ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. १९७७ चा तो निकाल फौजदारी खटले रद्द करण्याच्या उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराबद्दल आहे. ‘मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे नाव फौजदारी वकिलांच्या तोंडी आजही असते. आपल्यावर आलेल्या प्रसंगातून त्यांनी अनोळखी आरोपींसाठी वाट मोकळी केली.

नियम त्यांनी स्वतःलाही लावला. आणीबाणीत ते ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली मध्य प्रदेशात तुरुंगात होते. पाचव्या लोकसभेची पाच वर्षे मार्च १९७६ मध्ये संपत होती; सरकारने मुदत वाढवून घेतली. मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवले, सहाव्या वर्षाचा अधिकार आपल्याला कोणी दिला? या विचाराने लिमये आणि शरद यादव यांनी राजीनामे दिले. बाकीचे सभागृह वाढीव मुदतीत बसून राहिले.

१९७७ च्या विजयानंतर लिमयांनी मंत्रिपद घेतले नाही. जनता पक्षाचे सरचिटणीस झाले. जनसंघातून आलेल्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते ठेवावे का, या दुहेरी सदस्यत्वाच्या वादात ते ठेवू नये, असा त्यांचा ठाम आग्रह होता. १९७९ मध्ये जनता पक्षाचे सरकार कोसळले, त्याचा दोष अनेकांनी त्यांच्या माथी मारला. पक्षाची मोट तशीही सैल होती आणि नेत्यांच्या महत्त्वाकांक्षा आवरत नव्हत्या. तरी त्या आग्रहाची राजकीय किंमत मोठी होती, हे मान्य करायला हवे.

१९८० च्या पराभवानंतर ते दिल्लीत राहून इंग्रजी, हिंदी आणि मराठीत लिहीत राहिले. स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन घेतले नाही, माजी खासदाराचेही नाही. ८ जानेवारी १९९५ रोजी ते गेले. बहुमत त्यांच्या बाजूने फार थोडा काळ होते. पण अभ्यास, नियम आणि वेळ आली तर खुर्ची सोडण्याची तयारी एवढ्या भांडवलावर एकटा खासदारही सरकारला जाब विचारू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. संख्याबळ नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्या प्रत्येक विरोधी पक्षाने त्यांची कारकीर्द अभ्यासावी.