जनुक आणि प्रथिन: एका गाठीची दोन वाचनं

करंजाडेकरांना जवळच्या खारघरचं ॲक्ट्रेक ठाऊक असतं ते कर्करोगावरच्या उपचारांसाठी. तिथलं संशोधनही तितकंच मोलाचं आहे. गाल आणि हिरडीच्या कर्करोगाची जनुकं ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संस्थेने मिळून वाचली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू गालात धरणाऱ्या आपल्या माणसांचा हा आजार.

जनुकावर भागत नाही

पेशीत प्रत्यक्ष राबतात ती प्रथिनं. जनुक बिघडलं म्हणजे त्याचं प्रथिन किती वाढलं, हे आपोआप कळत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये मोठ्या आतड्याच्या गाठींवरचा अभ्यास आला. जनुकाची नक्कल असलेल्या आरएनएवरून प्रथिनांचं प्रमाण भरवशाने सांगता येत नाही, असं त्यात दिसलं. शिवाय फॉस्फेट चिकटलं की प्रथिनाचं काम चालू किंवा बंद होतं. ते नुसता डीएनए वाचून समजत नाही.

दोन्हींची रोजची सांगड

स्तनाच्या गाठीत 'हर-टू' प्रथिन किती आहे, ते आधी आयएचसी चाचणीत रंग देऊन पाहतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. अडतं ते २+ वर. मग 'फिश' चाचणीत पेशींच्या केंद्रकातले चमकते ठिपके मोजून जनुकाच्या प्रती वाढल्यात का, ते बघतात. ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही, ते यावर ठरतं. अहवाल लांबला की घरचे कासावीस होतात, पण हे थांबणं सार्थकी लागतं.

अनेक देश, एक पद्धत

अशीच सांगड हजारो प्रथिनांसाठी एकदम घालायला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर प्रोटिओजिनोम कॉन्सॉर्शियम उभं राहिलं. २०१८ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र त्यात आले. भर स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाच्या कर्करोगावर.

गाठ काढल्यानंतर

ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे तुकडे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते मोजतो. पण सगळं अवलंबून असतं त्याआधीच्या मिनिटांवर. रक्तपुरवठा तुटताच फॉस्फेटच्या खुणा बदलू लागतात, म्हणून गाठीचा तुकडा लगोलग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. एका केंद्रात उशीर झाला, तर दुसऱ्या केंद्राच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही. माझ्या मते महागड्या यंत्राइतकंच मोल शस्त्रक्रियागृहाबाहेर डबा घेऊन तयार असलेल्या तंत्रज्ञाचं आहे, आणि संमतिपत्रावर सही करणाऱ्या रुग्णाचंही. गालाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांत कमी आढळतो; तिथल्या नमुन्यांवरून आपल्या रुग्णांची उत्तरं मिळणार नाहीत.